सायलेन्सरच्या दुरुस्तीनंतर मुकी झालेली टर्बो

माझ्या जुन्या डिझेल गाडीचा फुटलेला एक्झॉस्ट पाइप बेळगावातील एका गॅरेजमध्ये वेल्डिंग करून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी निपाणीला जाताना तवंदी घाटात टर्बोची, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्रणेची, नेहमीची शिट्टी ऐकू आली नाही. गळतीचा आवाज थांबल्यामुळे गाडी शांत वाटत असावी, असे प्रथम वाटले. परंतु तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमनंतर येणारा जोरही नाहीसा झाला होता, आणि हे लक्षण आवाजापेक्षा अधिक बोलके होते.

टर्बोच्या पुढे, सायलेन्सरच्या बाजूला, वायू गळला तर गोंगाट वाढतो, पण टर्बोने दिलेला हवेचा दाब सहसा कमी होत नाही. मॅनिफोल्ड (इंजिनातून निघणारा वायू गोळा करणारा भाग) आणि टर्बो यांच्यामधील गॅस्केट गळले, तर मात्र टर्बोचे चाक, म्हणजे टर्बाइन, फिरवणारी ऊर्जाच वाया जाते. तेथे गळतीची खूण असलेले काजळीचे डाग नव्हते. इंजिन थंड असताना टर्बोचा शाफ्ट बोटाने सहज फिरला, म्हणजे तो अडकलेला नव्हता. (टर्बो बदलण्याचा सल्ला देणाऱ्यांचे तोपर्यंत दोन फोन येऊन गेले होते.)

माझ्या गाडीत इंजिन सुरू होताच व्हॅक्यूममुळे (हवा शोषून निर्माण केलेल्या कमी दाबामुळे) टर्बोचे नियंत्रण करणाऱ्या ॲक्च्युएटरची दांडी ओढली जाते. ती जागची हलली नाही. हातपंपाने व्हॅक्यूम दिल्यावर मात्र ती सरकली आणि तशीच टिकून राहिली, म्हणजे ॲक्च्युएटरमधला पडदा (डायफ्राम) शाबूत होता. अखेर ॲक्च्युएटरपर्यंत व्हॅक्यूम नेणारी रबरी नळी चाचपली, तेव्हा वेल्डिंगच्या जागेजवळ तिला वितळून पडलेले छिद्र सापडले. उष्णता सहन करणारी नळी बसवून ती पाइपपासून दूर बांधली आणि परतताना तोच घाट गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये शिट्टी वाजवत चढला.