मराठी नावाचा वेबपत्ता कसा घ्यावा

पंचवटीतल्या मामांना मिसळीच्या हॉटेलसाठी 'नाशिकमिसळ.भारत' असा पत्ता हवा होता. अर्धी सकाळ 'नाशिक' की 'नासिक' यातच गेली.

वाद फुकटचा नव्हता. इंटरनेटच्या नावांच्या यंत्रणेत वेबपत्त्याला ए ते झेड, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. देवनागरी नाव टाकलं की ब्राउझर 'प्युनीकोड' या २००३ सालच्या पद्धतीने त्याचं रोमन रूप करतो. '.भारत'चं रूप असं: एक्सएन, लागोपाठ दोन रेघा, मग एच२बीआरजे९सी. एक अक्षर बदललं की हे रूप बदलतं, म्हणजे पत्ताच दुसरा. पाटीवर 'नासिक' रंगवलं तरी गिऱ्हाईक हॉटेलात शिरतं; इथे मात्र रस्ता चुकतं.

तेव्हा आधी नाव कागदावर सलग लिहा, शब्दांत जागा न सोडता. लोक ते आणखी कसं टाइप करतील, तेही लिहा आणि परवडत असेल तर ती नावंही घ्या. आम्ही नाशिक-नासिक दोन्ही घेतली. 'मिसल'ला मामांनी साफ नकार दिला.

'गोदाकिनाऱ्यावर'सारखी नावं शक्यतो टाळाच. त्यातला 'ऱ्या' काही कीबोर्ड साध्या 'र'ला न दिसणारं जोडचिन्ह लावून काढतात. जुन्या नियमांत ते चिन्ह गळायचं आणि 'किनार्या' उरायचं.

मग नोंदणी. '.भारत' देवनागरीत ऑगस्ट २०१४ मध्ये खुलं झालं. त्याची व्यवस्था निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) ही संस्था पाहते. नाव मिळतं निक्सीमान्य रजिस्ट्रारकडे, म्हणजे वेबपत्ते नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे. त्यांच्या साइटवरची शोधखिडकी देवनागरी घेत नसेल तर प्युनीकोड कन्व्हर्टरमधून रोमन रूप काढून ते चिकटवा. एक्सएन आणि रेघांसकट ते ६३ अक्षरांच्या आत हवं. हे रूप वहीत उतरवून ठेवा. होस्टिंगवाला (वेबसाइट ठेवायला जागा देणारा) आणि सुरक्षा प्रमाणपत्र देणारा बहुधा तेच मागतात.

शेवटी दोन-चार वेगळ्या फोनवर पत्ता उघडून बघा. वरच्या पट्टीत एक्सएनवालं रूप दिसलं तर घाबरू नका. दुसऱ्या लिपीतली हुबेहूब दिसणारी अक्षरं वापरून फसवणूक होते, म्हणून शंका आली की ब्राउझर हे रोमन रूप दाखवतो.

ईमेलचं मात्र अजून अवघड आहे. बरेच ऑनलाइन फॉर्म देवनागरी ईमेल घेतच नाहीत. मामांनी बिलबुकावर 'नाशिकमिसळ.भारत' ठळक छापून घेतलं, ईमेल जुनाच ठेवला.