होडीची पेट्रोल टाकी तडकली? चिकटवत बसू नका

पैठणला नाथसागरात ज्यांच्या होडीला पेट्रोलचं इंजिन आहे त्यांनी एवढं वाचाच. प्लास्टिकची टाकी तडकली की आपण पहिलं एम-सील नाहीतर फेविक्विक शोधतो, पण या टाक्या बहुतेक पॉलिथिलिनच्या असतात आन त्याला कोणताच साधा गम धरत नाही, वरून घट्ट बसल्यासारखं वाटतं आणि थोड्या दिवसांनी कडेला नख घातलं की अख्खी पापडी निघून येते. गरम सळईनं डाग देणं तर अजिबातच नको!! रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक, नुसती पाण्यानं खळबळून तिचा भरवसा धरता येत नाही.

पाण्यात असतानाच गळती दिसली तर इंजिन बंद, बिडी-काडी बंद, चिरेवर कपड्याचा साबण दाबून घासा, तेवढ्यानं पाझर कमी होतो, मग वल्ह्यानं काठ गाठा. होडीच्या तळात सांडलेलं पेट्रोल पुसून, वाफ उडून गेल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका.

नवीन टाकी बोटीसाठीचीच घ्या, पाण्याचा कॅन नको. जुना पाईप कडक झाला असेल तर तोही बदला, पाईपात हातानं दाबायचा जो पंपाचा रबरी फुगा असतो त्यावरचा बाण इंजिनाकडे पाहिजे. टाकी काठावर जमिनीवर ठेवून भरा, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात पेट्रोल फुगतं म्हणून वर थोडी जागा सोडा, अन् वरून गोणपाट टाका, उन्हानंच प्लास्टिक ठिसूळ होतं.