शाळेला पाठवलेल्या मेलमधील चुका: कोणत्या सोडून द्याव्यात, कोणत्या त्याच दिवशी दुरुस्त कराव्यात

आम्ही २००९ साली परभणीहून पुण्यात आलो. आता दिवाळी सरली, की गावाकडून नव्याने आलेल्या आणि वाकड, वाघोली किंवा धायरीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचे मला फोन येऊ लागतात. मुलांच्या शाळेची चौकशी हे निमित्त असते, पण दोन वाक्यांनंतर खरी चिंता बाहेर येते: शाळेला मेल पाठवला, पाठवल्यानंतर पुन्हा वाचला, आणि त्यात मॅडमना 'सर' म्हटल्याचे, एक शब्द दोनदा आल्याचे किंवा इंग्रजीतील क्रियापद चुकल्याचे लक्षात आले, तर आता मुलाचा प्रवेश जाईल का? प्रवेश अशाने जात नाही. मात्र त्याच मेलमध्ये अशीही एखादी चूक असू शकते, जी कोणाच्याच लक्षात येत नाही आणि पुढे दहा वर्षे पाठ सोडत नाही. हे लेखन त्या दोहोंतील फरकासाठी आहे.

ही भीती येते कोठून, हे मला ठाऊक आहे, कारण ती मीही बाळगली होती. पुण्यात आलो त्या पहिल्या पावसाळ्यात अप्पा बळवंत चौकातील एका दुकानात वह्या घेताना मी 'पानी' म्हणालो आणि शेजारच्या गिऱ्हाइकाने, न मागता, 'पाणी' अशी दुरुस्ती केली. 'ण'च्या जागी 'न' उच्चारणाऱ्या आपल्यासारख्यांना या शहरात जिभेवर पहारा ठेवण्याची सवय लागते, आणि तोच पहारा पुढे मेलवरही बसतो. शाळेचे कार्यालय म्हणजे आपले शुद्धलेखन तपासणारे कोणी असावे, अशी आपली समजूत होते.

वस्तुतः तो मेल बहुतेक ठिकाणी सर्वप्रथम कार्यालयातील लेखनिक उघडतात. प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्यासमोर अशा मेलची रास पडलेली असते, आणि त्यांना त्यातून एवढेच हवे असते: मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत प्रवेश हवा, सध्याची शाळा व तिचे बोर्ड, राहण्याचा भाग आणि दूरध्वनी क्रमांक. 'काइंडली डू द नीडफुल' हे वाक्य व्याकरणात बसते की नाही, याचा विचार ते करत नाहीत, कारण तेच वाक्य ते स्वतःही दिवसातून अनेकदा लिहितात. मायन्यात अडखळत असाल तर व्यक्तीऐवजी पदाला उद्देशून लिहा, 'मा. मुख्याध्यापक यांस' एवढ्याने काम भागते. (मराठी माध्यमाच्या शाळेत समक्ष भेटल्यावर मात्र 'बाई' म्हणण्यास संकोचू नका, पुण्यात शिक्षिकेसाठी तो आदराचाच शब्द आहे.) इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहा, कारण अडखळत्या इंग्रजीतील दहा ओळींपेक्षा स्वच्छ मराठीतील चार ओळी वाचणाऱ्यालाही सोप्या जातात.

कायद्याचाही येथे आधार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना बालकाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास मनाई आहे, आणि ती घेतल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत व त्यानंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. व्यवहारात काही शाळा 'संवाद' या नावाखाली पालकांना बोलावतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मेलमधील विरामचिन्हांवरून कोणी मुलाची पारख करत असल्याचे मी तरी इतक्या वर्षांत पाहिलेले नाही.

आता ज्या चुकांची धास्ती खरोखर बाळगायला हवी, त्यांच्याकडे वळतो. माझ्या मुलीच्या नावात 'ज्ञ' आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी मी एका शाळेला मेल पाठवला आणि त्याच रात्री संबोधन चुकल्याबद्दल क्षमा मागणारे आणखी तीन मेल पाठवले. या धांदलीत मुलीच्या नावातील 'ज्ञ' मी मेलमध्ये 'डी-एन-वाय-ए' असा लिहिला होता, तर जन्मदाखल्यावर तो 'जी-वाय-ए' असा होता. शाळेने मेलवरून नाव उतरवून घेतले, अर्जाच्या छापील प्रतीवर मी न वाचता सही केली, आणि जनरल रजिस्टरमध्ये मेलमधलेच नाव गेले. माझ्या तिन्ही क्षमायाचनांना उत्तर आले नाही. बहुधा त्या कोणी वाचल्याही नसाव्यात. नावाचा घोळ मात्र आधार कार्डाशी पडताळणी करताना उघड झाला.

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेची ती मोठी नोंदवही, जिच्यावरून पुढे शाळा सोडल्याचा दाखला तयार होतो. तिच्यातील नाव किंवा जन्मतारीख मुख्याध्यापकांना स्वतःच्या अधिकारात खोडता येत नाही. त्यासाठी अर्ज, पुरावे आणि शिक्षण खात्याची मान्यता लागते, आणि मूल शाळेतून बाहेर पडल्यावर तर हे काम फारच अवघड होते. म्हणून शाळेला पहिली ओळ लिहिण्यापूर्वी जन्मदाखला व आधार कार्ड शेजारी ठेवावे आणि नाव अक्षर अक्षर जुळवून लिहावे. 'व'साठी 'व्ही' की 'डब्ल्यू', 'क्ष'साठी 'के-एस-एच' की 'एक्स', आडनाव आधी की शेवटी, हे प्रश्न मेल पाठवण्याआधी सोडवायचे असतात. मूल १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले असेल, तर महाराष्ट्रात मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हा क्रम आता ठरलेला आहे. जन्मदाखला आणि आधार यांच्यातच फरक असेल, तर आधी तो मिटवावा; मेल आठ दिवसांनी गेला तरी चालेल.

जन्मतारखेतील महिना अक्षरांत लिहावा. ०५/०६ असे लिहिल्यास काहींना ती पाच जून वाटते, काहींना सहा मे. राज्य शासनाच्या नियमाप्रमाणे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, तर केंद्रीय विद्यालयांत हाच हिशेब ३१ मार्चला धरतात. तेव्हा तारखेतील महिना इकडचा तिकडे झाला तर मूल अपात्र ठरू शकते.

दुरुस्ती करायची झाल्यास ती एकदाच आणि त्याच मेलला जोडून करावी. 'वरील मेलमध्ये जन्मतारीख चुकीची लिहिली गेली. योग्य तारीख ५ जून २०१९ ही आहे' एवढे एक वाक्य पुरते, त्यामागे खेदाचा परिच्छेद नको. जोडपत्र राहून गेले तरी हीच रीत. मागचा मेल परत खेचण्याच्या सोयीवर विसंबू नका, कारण तो एकदा बाहेर गेला की गेला. त्यापेक्षा जीमेलमध्ये पाठवणे रद्द करण्याची मुदत ३० सेकंद करून ठेवावी. एकाच मजकुरावरून अनेक शाळांना लिहिताना दुसऱ्या शाळेचे नाव तसेच राहिले, तर ते लाजिरवाणे वाटते खरे, पण तेही एका ओळीत दुरुस्त होते. सर्व शाळांचे पत्ते एकाच मेलमध्ये उघडपणे घालणे मात्र टाळावे.

खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असलेल्या शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांची गोष्ट वेगळी आहे. तेथे मेल नसतो, शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. नकाशावर घराचे ठिकाण चुकले की शाळेचे अंतर चुकते, आणि एका मुलाचे दोन अर्ज भरल्यास ते बाद होतात. तेथे घाई करू नये.

उत्तर आले नाही म्हणजे तुमचा मेल आवडला नाही, असे समजू नका. आठ दिवस थांबून कार्यालयाच्या वेळेत फोन करावा, आणि तरीही काही कळले नाही तर सरळ जाऊन यावे. जाताना मूळ कागद व त्यांच्या छायाप्रती सोबत असाव्यात. दुसऱ्या राज्यातून आला असाल तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेथील शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आहे का, हे निघण्यापूर्वीच पाहावे. अर्जाची छापील प्रत सहीसाठी पुढे आली, की रांगेतील माणसे खोळंबली तरी ती तेथेच उभे राहून पूर्ण वाचावी. आमच्या नावाची दुरुस्ती दहावीच्या आधी कशीबशी पार पडली, आणि मंडळाची प्री-लिस्ट, म्हणजे परीक्षार्थींच्या माहितीची कच्ची यादी, शाळेत तपासायला आली तेव्हा मुलीने आपले नाव पेन्सिल टेकवत एकेक अक्षर वाचून मगच सही केली.