पेंढा, बांबू आणि घाई: नाताळच्या सजावटीत या चुका टाळा

दरवर्षी 20 डिसेंबरच्या आसपास फोन सुरू होतात. "काकू, यंदा प्लास्टिक अजिबात नको, सगळं नॅचरल करायचंय. परवा पाहुणे येतायत." प्लास्टिकचं झाड खोक्यातून काढलं की तासाभरात उभं राहतं. बांबू वाळावा लागतो, गहू उगवावा लागतो, संत्रं सुकावं लागतं. ही तयारी दिवाळीचा कंदील उतरवला की सुरू करायची असते. एवढा दम नसेल तर पुण्याच्या कॅम्पातून तयार चांदणी आणावी, त्यात कमीपणा काही नाही.

ओला बांबू

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. आमच्या वडगावशेरीच्या सोसायटीतल्या एका नवऱ्याबायकोने बांधकामावर उरलेला हिरवट बांबू फुकट मिळाला म्हणून उचलून आणला. एका संध्याकाळीत चिरून, सुतळीने बांधून चार फुटी चांदणी केली आणि हॉलमध्ये सोफ्यावर टांगली. दिसत होती छान, खोटं कशाला बोलू. दोनेक आठवड्यांनी सोफ्यावर पिवळट, मैद्यासारखी भुकटी पडायला लागली. पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पीओपी गळतंय अशी दोघांची खात्री झाली आणि ऐन नाताळच्या तोंडावर रंगारी बोलावला. तो स्टुलावर चढला, छत ठोकून बघितलं, मग सहज चांदणीवर टिचकी मारली, तर भसकन भुकटी त्याच्याच डोळ्यांत. कामट्यांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं पडली होती. शांत बसलं तर आतली कुरकुर ऐकू येत होती. चांदणी त्याच रात्री खाली गेली. सोफ्याचे लाकडी पाय मात्र ती बाई अजून टॉर्च लावून तपासते.

बांबूत पिष्ट असतं आणि ही भोकं पाडणाऱ्या बारीक भुंग्याला तेच हवं असतं. मी बुरूड आळीत कामट्या घेताना "वाळलेल्या द्या" असं आधीच सांगते आणि नख रोवून बघते. रुतलं तर घेत नाही. घरी पिंपात आठ-दहा दिवस बुडवून ठेवते, पाणी एक दिवसाआड बदलते. पाण्याला वास मारतो, मारू दे, त्यातून बरंचसं पिष्ट उतरतं. मग सावलीत वाळवते, कारण कडक उन्हात कामटी तडकते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवणं हा जास्त पक्का उपाय, पण घरात रांगतं मूल असेल तर मी त्या वाटेला जात नाही. वरून वार्निशचा हात मारला की झालं, असं सांगणारे खूप भेटतात. वार्निश बाहेर राहतं आणि किडा आत जेवत बसतो.

गोठ्यातली हिरवळ

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यापुढे ताटलीत गहू किंवा नाचणी उगवायची आपल्याकडची जुनी रीत. यात चुकतं ते तारखेचं. नवरात्रात घट नऊ दिवसांत वीतभर होतात, म्हणून लोक तोच हिशेब डिसेंबरात लावतात. पण डिसेंबरात पुण्याची रात्र 10-12 अंशांवर येते आणि गहू रेंगाळतो. 18 तारखेला पेरलेला 24 ला नुसता मोड दाखवतो. उलट उत्साहाने 1 तारखेला पेरलेला नाताळच्या रात्री पिवळा पडून आडवा झालेला असतो, मेंढरांनी तुडवल्यासारखा. मी 12-13 तारखेला पेरते. गहू रात्रभर भिजवायचा, मातीचा पातळ थर द्यायचा, पहिले दोन-तीन दिवस पालथ्या टोपलीखाली झाकायचा. मागे पडतोय असं वाटलं तर रात्री ताटली स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की बुडाशी पांढरी बुरशी धरते, मग अत्तर शिंपडलं तरी गोठ्याला आंबूस वास येतो.

संत्र्याच्या चकत्या टांगायच्या तर नागपुरी संत्रं घेऊ नका. त्याची साल सैल असते, सुकताना फोडी सुटतात आणि दोऱ्याला नुसतं सालीचं कडं राहतं. मोसंबी घ्या. चकती पातळ कापा, फडक्याने टिपून घ्या, डिसेंबरच्या उन्हात जाळीवर चार-पाच दिवस ठेवा आणि रात्री न विसरता आत घ्या. ओव्हनमध्ये 100 अंशांना तीन-चार तास लागतात. तापमान वाढवून अर्ध्या तासात उरकणाऱ्यांच्या चकत्या बाहेरून काळ्या, आतून चिकट होतात आणि मुंग्यांना आमंत्रण जातं.

पाइनची बोंडं धुतली की मिटतात. खराब झाली म्हणून फेकू नका, उन्हात वाळली की पुन्हा उमलतात. मुळात ती विकत आणायलाच हवीत असं नाही. सुरूची बोंडं, महोगनीच्या फुटलेल्या शेंगा, शिरीषाच्या खुळखुळणाऱ्या शेंगा रस्त्याकडेला पडलेल्या असतात. पडलेल्याच उचला. झाडाची फांदी ओरबाडू नका, शहरातल्या झाडांसाठी आपल्याकडे 1975 पासून कायदा आहे. आणलेल्या शेंगा पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते, आतले किडे मरतात. घरच्यांची कुरकुर होते, तिकडे मी लक्ष देत नाही.

सोनेरी स्प्रे: एखाद्या शेंगेला ठीक. सगळ्याला मारायचा असेल तर प्लास्टिकच आणायचं होतं.

कापसाचा बर्फ: पुण्यात? शिवाय दिव्यांच्या माळेशेजारी कापूस ठेवणं म्हणजे आगीशी खेळ.

हॉट ग्लू: उन्हाच्या बाल्कनीत दुपारी मऊ पडतो आणि बोंडं टपाटप गळतात. बारीक तार वापरा.

पॉइनसेटिया (नाताळातलं लाल पानांचं झाड) लाल होत नाही: त्याला लांब, सलग काळोख्या रात्री लागतात. समोर रस्त्याचा दिवा असेल तर कुंडी हलवा. खत घालून काही होणार नाही.

पेंढा आणि मेणबत्ती एकत्र नको म्हणजे नको. संत फ्रान्सिसने 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचोला खरं गवत, खरा बैल आणि गाढव घेऊन देखावा मांडला, हे मलाही ठाऊक आहे. तो डोंगरातल्या गुहेत होता. तुमचा गोठा पडद्यापासून वीतभर अंतरावर आहे. एलईडीची माळ लावा, झोपताना तीही बंद करा. पेंढा बाल्कनीत तर ठेवूच नका, दोन दिवसांत कबुतरं तो एसीमागे नेऊन घरटं करतात.

6 जानेवारीला सगळं उतरवताना चकत्या आणि गहू खतात टाका, पुढच्या वर्षासाठी जपू नका, पावसाळ्यात बुरशी येतेच. शेंगा, बोंडं आणि कामट्या कडुलिंबाच्या सुक्या पाल्यात घालून पत्र्याच्या डब्यात ठेवा. गणपतीच्या सुमारास एकदा डबा उघडून तळाशी भुकटी दिसते का बघा.