स्वतःचं विणकाम डिझाइन करताय? मग या चुका टाळा

दुसऱ्याच्या पॅटर्नवरून विणताना कोणीतरी आधीच सगळा हिशोब केलेला असतो, दोनदा उसवून झालेलं असतं, आणि आपण फक्त एकेक ओळ वाचत पुढे जातो. डिझाइन आपलं असलं की ते सगळं आपल्या अंगावर येतं. मी हेच काम करते आणि नव्याने डिझाइन करायला लागलेल्यांचे अर्धे राहिलेले स्वेटर, एकच बाही झालेले कार्डिगन वगैरे बरेच बघायला मिळतात. बघितलं की दरवेळी एकच जाणवतं, हात छान बसलेला असतो, टाके एकसारखे असतात, तरी स्वेटर अंगात बसत नाही. कारण बिघाड झालेला असतो विणण्याच्या आधी किंवा विणणं थांबवल्यावर, म्हणजे मोजण्यात, लिहिण्यात, ठरवण्यात. ही कामं डिझाइनच आहेत, पण बऱ्याच जणींना ती "खरं काम सुरू व्हायच्या आधीची कटकट" वाटतात आणि तिथेच घोळ सुरू होतो.

स्वॉच छोटा विणणं, न धुणं, आणि ओळी न मोजणं

स्वॉच म्हणजे माप काढायला आधी विणलेला नमुन्याचा तुकडा. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे कारण अर्ध्याहून जास्त त्रास इथूनच येतो.

आधी साधा हिशोब बघा. समजा 10 सेंटीमीटरमध्ये 20 टाके येतात असं धरून 100 सेंटीमीटर घेराच्या स्वेटरसाठी तुम्ही 200 टाके घातले. पण प्रत्यक्षात तुमच्या हाताने 22 टाके येत असतील तर घेर होतो साधारण 91 सेंटीमीटर. दोन टाक्यांचा फरक डोळ्याला दिसत पण नाही आणि अख्खा एक साइज उतरला. हे स्वेटर पूर्ण झाल्यावर कळलं तर धुवून ताणून 2-3 सेंटीमीटर मिळतीलही, 9 नाही मिळणार. मग एकतर दोन्ही बाजूंना रिबची (सुलट-उलट टाक्यांची, ताणली जाणारी) पट्टी विणून जोडायची (कधी कधी ती इतकी छान दिसते की मूळ डिझाइनच वाटते), नाहीतर उसवायचं, नाहीतर ज्या बारीक माणसाला बसेल त्याला देऊन टाकायचा.

10 बाय 10 चा तुकडा विणून 10 सेंटीमीटर मोजायचं हे चालत नाही, कारण कडेचे टाके ओढलेले असतात, वरखाली पण तेच. कमीत कमी 15 सेंटीमीटरचा चौकोन विणा आणि मधलाच भाग मोजा. आणि मोजायच्या आधी धुवा, जसा स्वेटर पुढे धुतला जाणार आहे तसाच, आणि पूर्ण वाळू द्या. सुपरवॉश लोकर तर हमखास फसवते, मशीनमध्ये आटू नये म्हणून तिच्या धाग्यावरचे बारीक खवले काढलेले किंवा झाकलेले असतात, त्यामुळे टाके एकमेकांना धरून राहत नाहीत आणि पाण्यात टाकलं की कापड पसरतं. सुईवर असताना अगदी बरोबर दिसणारा स्वेटर पहिल्या धुण्यानंतर मांडीपर्यंत येतो तो यामुळे. म्हणून धुण्याआधीचं माप आणि नंतरचं माप दोन्ही लिहून ठेवा, विणत असताना तुमच्या हातात न धुतलेलं कापड असतं, तेव्हा पहिलं माप लागतं, टाके किती घालायचे हे ठरवायला दुसरं.

अजून एक, स्वेटर गोल सुईवर गोल विणणार असाल तर स्वॉच पण गोलच विणा. सपाट विणताना एक सुई सुलट एक सुई उलट असते आणि बऱ्याच जणींचे उलट टाके जरा सैल पडतात, गोल विणताना सगळं सुलटच, मग गेज (10 सेंटीमीटरमध्ये किती टाके आणि ओळी येतात तो आकडा) बदलतो.

आणि ओळी! टाके सगळे मोजतात, ओळी कोणी मोजत नाही, "लांबी काय, टेपने मोजून विणू" म्हणतात. बाही आणि अंग सरळ विणताना ते चालून जातं. पण वरून खाली रॅग्लन (गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेघांचा, अंग आणि बाह्या एकत्र विणायचा स्वेटर) विणताय तर प्रत्येक दोन ओळींना 8 टाके वाढतात, म्हणजे खोली ओळींवरच ठरते. 64 ओळींचा योक, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंतचा भाग, 10 सेंटीमीटरला 28 ओळी असतील तर जवळजवळ 23 सेंटीमीटर खोल होतो, 32 ओळी असतील तर 20. या तीन सेंटीमीटरमुळे मुंढा काखेत काचतो. असं झालं असेल तर बाहीचे टाके वेगळे काढायच्या आधी वाढ न करता काही साध्या ओळी विणा, खोली भरून निघते.

अंगाचं माप म्हणजे स्वेटरचं माप असं समजणं

छाती 92 आहे म्हणून स्वेटर 92 चा केला तर तो अंगाला चिकटेल. सैलपणा किती ठेवायचा हा डिझाइनचाच निर्णय आहे आणि तो पहिला टाका घालायच्या आधी कागदावर यायला हवा. रोजच्या वापरातल्या स्वेटरला 5 ते 10 सेंटीमीटर जास्त ठेवतात, आतून शर्ट घालायचा असेल किंवा लोकर जाड असेल तर अजून, कारण जाड कापड आतल्या बाजूनेही जागा खातं. मोजे आणि टोपीचं नेमकं उलटं, ते अंगापेक्षा लहानच हवेत, मोज्याचा घेर पायापेक्षा साधारण 10 टक्के कमी धरला तर तो घसरत नाही. काही सुचत नसेल तर आपल्याला आवडता, नीट बसणारा स्वेटर सपाट पसरा आणि तो मोजा, काखेखालची रुंदी दुप्पट केली की घेर मिळाला. मी अजूनही हेच करते.

धागा सुंदर आहे म्हणून कुठल्याही डिझाइनला वापरणं

कॉटनला लवचिकपणा नसतो आणि वजन असतं, त्यामुळे कॉटनची रिब एकदा ताणली की परत आत येत नाही आणि लांब कार्डिगन दिवसभर घातलं की खाली खाली येत जातं. अल्पाका मऊ, अंगावर छान पडतो, पण तोही लांबतो. कॉटन-अल्पाकाचं काही मोठं करायचं असेल तर स्वॉचला खाली चिमटे लावून एक-दोन दिवस टांगून ठेवा आणि मग मोजा, खरं काय होणारे ते दिसतं. मोहेरच्या केसाळ धाग्यात वेण्या बुडून जातात. रंगीबेरंगी लडीत नाजूक जाळी दिसतच नाही, डोळा रंगाकडे जातो, एवढी मेहनत केलेली कोणाला कळत पण नाही. नक्षी भरपूर असेल तर धागा शांत ठेवा.

वेण्यांचं वेगळं सांगायला हवं. वेणी कापड आत ओढते. साध्या विणीच्या गेजवर हिशोब करून मध्ये वेण्या टाकल्या की पुढचा भाग मागच्यापेक्षा अरुंद होतो. वेणीचा स्वॉच वेगळा विणायचाच. आणि रिबवरून वेण्यांवर जाताना त्या एका ओळीत थोडे टाके वाढवायचे.

साध्या सुलट विणीच्या कडा गुंडाळतात, ही चूक नाहीये, त्या विणीचा स्वभावच तो. इस्त्री करून, ओलं करून टाचण्या लावून हे कायमचं जात नाही. स्कार्फ करायचा असेल तर कडेला 4-5 टाके कायम सुलट (पुढून विणताना पण, मागून विणताना पण) ठेवा. आणि हो, अ‍ॅक्रिलिकला वाफेची इस्त्री जपून, धागा एकदा वितळून ढिला पडला की तो परत कधी उसळी घेत नाही.

रंग हातात धरून निवडणं

लोकरीचे दोन गुंडे शेजारी ठेवले, मस्त दिसले, विणल्यावर नक्षी गायब! लाल आणि हिरवा हे रंग वेगळे आहेत पण गडदपणा सारखा असेल तर विणल्यावर ते एकमेकांत मिसळतात. फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर ती जोडी दोन रंगी नक्षीला नको. दोन धाग्यांनी विणताना मागून जो धागा खालून येतो तो पुढे जास्त उठून दिसतो, म्हणून नक्षीचा रंग कायम खाली ठेवा आणि मध्येच बदलू नका, नाहीतर अर्धा स्वेटर एक दिसतो अर्धा वेगळा, आणि का ते समजत नाही. पाच-सहा टाक्यांपेक्षा लांब धागा मागे मोकळा सुटत असेल तर मध्ये अडकवून घ्या. गडद लाल-पांढरं एकत्र असेल तर त्याच स्वॉचला पाण्यात भिजवा, रंग जातो का तेही कळेल.

लोकर अंदाजाने घेणं

स्वॉचचा इथे अजून एक उपयोग आहे. त्याचं वजन करा. समजा 15 बाय 15 चा स्वॉच 9 ग्रॅम भरला, म्हणजे 225 चौरस सेंटीमीटरला 9 ग्रॅम, म्हणजे 1 ग्रॅममध्ये 25 चौरस सेंटीमीटर कापड. अंग 100 बाय 60 म्हणजे 6000, दोन बाह्या सरासरी 27 रुंद आणि 45 लांब धरल्या तर 2430, एकूण 8430, भागिले 25, आले साधारण 337 ग्रॅम. वर 10-15 टक्के जास्त धरा आणि सगळी एकाच डाय लॉटची (एकाच खेपेत रंगवलेली) घ्या. लॉट वेगळे मिळाले तर दोन-दोन ओळी आलटून पालटून विणत जा, फरक पसरून जातो, सलग विणला तर छातीवर सरळ रेघ दिसते.

"लक्षात राहील" म्हणणं

नाही राहत. डाव्या बाहीत कुठल्या ओळीला टाके घटवले हे उजवी बाही विणताना आठवत नाही आणि मग विणलेल्या बाहीवर बोट ठेवून ओळी मोजत बसावं लागतं, गडद लोकरीत तर तेही दिसत नाही. वही सुईच्या शेजारीच पाहिजे. सुईचा नंबर, धागा, ओळ, काय बदललं आणि का बदललं. "का" लिहिणं फार महत्त्वाचं आहे, कारण सहा महिन्यांनी वाचताना "इथे 2 टाके कमी केले" यातून काहीच कळत नाही पण "गळा मागे ढिला पडत होता म्हणून 2 कमी केले" यातून पुढचं डिझाइन सुचतं. मी त्या दिवशी कशी होते हेही लिहिते, दमलेली, घाईत, निवांत. गंमत नाही करत, वैतागात विणलेले टाके खरंच घट्ट येतात आणि आठवडाभर सोडून परत घेतलेल्या कामात ती रेष दिसते. जाळी विणत असाल तर वहीबरोबर दर काही ओळींनी टाक्यांतून एक वेगळ्या रंगाचा दोरा पण ओवून ठेवा, चुकलं तर तिथपर्यंतच उसवायला लागतं.

एक साइज बसला की बाकीचे टक्केवारीने काढणं

पॅटर्न दुसऱ्यांसाठी लिहायचा असेल तर हे वाचाच. विणकाम डिझाइनर एलिझाबेथ झिमरमन (1910-1999) यांची टक्केवारीची पद्धत प्रसिद्ध आहे, अंगाचे टाके 100 टक्के धरायचे आणि बाही, मनगट, गळा हे सगळं त्याच्या टक्क्यांत काढायचं. एका माणसासाठी एक स्वेटर विणायला ती कमाल पद्धत आहे, मला फार आदर वाटतो. पण तेच गणित लहानापासून मोठ्या साइजपर्यंत ताणलं की फसतं. छाती 90 वरून 130 झाली म्हणून खांदाही त्याच प्रमाणात वाढवला तर 36 चा 52 होतो, असा खांदा कोणाचा नसतो, बाही दंडावर ओघळते. खांदे, गळा आणि हाताची लांबी छातीच्या मानाने खूप कमी वाढतात. प्रत्येक साइजचं खरं मापाचं कोष्टक घ्या आणि एकेक आकडा बसवा, वेळ लागतो, लागू द्या. त्यात नक्षी 8 टाक्यांची अधिक 2 अशी (टाके 8 च्या पटीत आणि वर 2) असेल तर प्रत्येक साइजचे टाके त्यातच बसवावे लागतात, कुठे बसत नसेल तर कडेला साधे टाके ठेवा, नक्षी मध्येच कापू नका. मग टेस्ट करणाऱ्यांना द्या, वेगवेगळ्या साइजच्या. त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे तुमच्या लिहिण्यातली एक अस्पष्ट जागा, त्यांना उत्तर देऊन थांबू नका, पॅटर्नमध्येच दुरुस्त करा.

सगळ्या कल्पना एकाच स्वेटरमध्ये

पहिल्या डिझाइनमध्ये वेणी पण हवी, जाळी पण, दोन रंग पण, बाहीला झालर पण. समजतं मला, इतके दिवस मनात साठलेलं असतं ना. पण एक गोष्ट निवडा आणि बाकीचं वहीत ठेवा, ते कुठे पळून जात नाही, त्यातूनच पुढची डिझाइन निघतात. आणि काही सुचत नसेल त्या दिवसांत जबरदस्तीने नवीन काही काढू नका, साधा सुलट-उलट मोजा विणा, बोटं चालू राहिली की डोकं आपोआप मोकळं होतं. दुसऱ्या डिझाइनरचे फोटो अशा दिवसांत कमी बघा, त्यांच्या उसवलेल्या दहा गोष्टी तिथे दिसत नाहीत.

उसवायची वेळ आली तर उशीर करू नका. मनात शंका आहे आणि तरी "अजून थोडं विणून बघू" असं म्हणत पुढे गेलं की उसवायचं फक्त वाढतं. उसवलेली लोकर कुरळी होते, तिची लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून टांगून वाळवा, सरळ होते.

हात

शेवटी हाताचं, कारण हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित. डेडलाइन आहे म्हणून तासन्‌तास विणू नका, अर्ध्या तासाने थांबून बोटं, मनगट, खांदे हलवा. जड स्वेटर सरळ सुयांवर विणला तर सगळं वजन मनगटावर येतं, गोल सुईवर घ्या म्हणजे ते मांडीवर पडतं. सुई आवळून धरायची सवय असेल तर एक नंबर मोठी सुई घेऊन सैल धरून बघा (गेज परत काढायचा). अंगठ्याजवळ किंवा मनगटात दुखणं, बोटांना मुंग्या येणं असं होत असेल आणि काही दिवसांच्या विश्रांतीने थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि ज्यांना डिझाइन द्यायचंय त्यांना सरळ सांगा की उशीर होईल.