कॉलेज टीममधून कोचिंगकडे: नाशिकच्या व्हॉलीबॉल खेळाडूंसाठी

कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू आहे, टीममध्ये तुमचं नाव आहे आणि पुढे कोचिंग करायचं मनात आहे, तर निकाल लागायची वाट बघू नका. खेळत असतानाच तयारीला लागा. मी नाशिकच्या एका कॉलेजकडून व्हॉलीबॉलमध्ये सेटर (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी) म्हणून खेळले, नाशिक विभागाच्या संघातून आंतरविभागीय स्पर्धेला आणि तिथून विद्यापीठाच्या संघात गेले. आता पंचवटीत शाळकरी मुलींना शिकवते. आमच्या मैदानावर येऊन दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, ‘ताई, कोच व्हायचं तर काय करायचं?’ त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी कागद. आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, जे जे खेळलात त्याची मूळ प्रमाणपत्रं एका फाइलला लावा. कॉलेजच्या जिमखान्यात राहिलेली असतील तर पदवी हातात पडायच्या आत घेऊन या, क्रीडाशिक्षक बदलले की जुनी कपाटं कुणी उघडत नाही. राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी लागते. कोर्सला प्रवेश घेतानाही हीच फाइल काढावी लागते.

आता मुख्य गोष्ट. चांगल्या खेळाडूला शिकवायला जड जातं, कारण जे त्याला येतं ते त्याच्या अंगात मुरलेलं असतं. स्मॅशला धावताना तुमचे पाय कसे पडतात हे आत्ता सांगून बघा. उजव्या हाताने मारणाऱ्याची शेवटची तीन पावलं डावा, उजवा, डावा अशी पडतात. शेवटची दोन झटपट, आणि उडी दोन्ही पायांवर. वर्षानुवर्षं मारणाऱ्यांनाही हे विचारलं की ते उभं राहून पाय टाकून बघतात. म्हणून तुमचं जे सगळ्यात हुकमी, तेच आधी सुटं करा, मोठ्याने बोला आणि बारा वर्षांच्या मुलीला नुसत्या शब्दांत सांगा. तिला जमलं नाही तर शब्द बदला. पुनःपुन्हा स्वतः मारून दाखवू नका. मुली टाळ्या वाजवतात, शिकत काहीच नाहीत.

दुसरं म्हणजे नजर. खेळताना आपण बॉल बघतो. कोचने बॉल यायच्या आधीचे पाय बघायचे. एखाद्या मुलीचा अंडरहँड पास सारखा डोक्यामागे जातो. सगळे ओरडतात, ‘हात सरळ ठेव!’ तिचे हात सरळच असतात. ती बॉलखाली उशिरा पोचते, धावता धावता खेळते आणि बॉल लागताना खांदे मागे जातात. अशा वेळी तिला पासच करायला लावू नका. चार मीटरवरून हलका बॉल टाका, तिने पाय टाकून पोचायचं, गुडघे वाकवून थांबायचं आणि बॉल दोन्ही हातांनी मांड्यांच्या पुढे झेलायचा. झेलला की तसंच गोठून राहायचं. तुम्ही जवळ जाऊन बघा: पावलं खांद्यांपेक्षा थोडी रुंद आहेत का, टाचा किंचित उचललेल्या आहेत का, छाती बॉल टाकणाऱ्याकडे आहे का. हे बसलं की झेलायच्या जागी हात जोडा. मनगटाच्या वरचा सपाट भाग बॉलला लागला की आवाजच वेगळा येतो, मुलींनाही तो ओळखू येतो. मला या कामातला सगळ्यात मोठा आनंद अजूनही याच आवाजाचा आहे.

नजर तयार करायची असेल तर पंचांच्या बाजूला जा. शालेय स्पर्धांत लाइनमन आणि गुण लिहिणारी माणसं नेहमी हवी असतात. गुणपत्रक भरताना रोटेशन, म्हणजे सर्व्हिस मिळाली की सहा जणींनी जागा बदलायचा क्रम, डोक्यात पक्कं होतं. सर्व्हिसच्या क्षणी कुणी कुणाच्या पुढे उभं राहायचं नाही, हे टीममध्ये खेळताना आपण सेटरवर सोडून दिलेलं असतं. शिट्टीनंतर 8 सेकंदांत सर्व्हिस, सेटमध्ये 6 बदली, 30 सेकंदांचे दोन टाइमआउट, हे सगळं टेबलाशी बसून आपोआप पाठ होतं. पुढे राज्य संघटनेची पंच परीक्षा द्यायची असेल तर हाच सराव उपयोगी पडतो.

मैदान स्वतः आखायला शिका. कोर्ट 18 बाय 9 मीटर. दोरी ताणून 9 बाय 9 चा अर्धा भाग घ्या आणि त्याचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 12.73 मीटर भरले तर कोपरे काटकोनात, मगच फक्की मारा. नेटची उंची मधोमध मोजायची, मोठ्या मुलींसाठी 2.24 मीटर आणि पुरुषांसाठी 2.43. दोन्ही साइडलाइनवर उंची सारखी हवी आणि मधल्या उंचीपेक्षा 2 सेंटिमीटरहून जास्त नको. मधे झोळ पडलेल्या नेटवर शिकलेली मुलगी स्पर्धेच्या नेटवर गेली की तिचे स्मॅश टेपला अडकतात.

नाशिकचं हवामान धरून वर्ष आखा. पावसाळ्यात मैदान चिखलाचं असतं आणि शालेय स्पर्धाही त्याच सुमारास सुरू होतात. शाळेची पडवी आणि एक कोरी भिंत मिळाली तरी ओव्हरहेड आणि अंडरहँड चालू राहतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला बॉल दगडासारखा लागतो आणि हात लाल होतात. तेव्हा आधी अंग गरम होऊ द्या, लांब बाह्यांचे टीशर्ट घालू द्या. सिमेंटच्या कोर्टवर उड्या कमी ठेवा. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर दुखतंय असं मुलगी म्हणाली तर तिच्या उड्या त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवायला सांगा. ‘थोडं सहन कर’ हे वाक्य आपल्या पिढीने खूप ऐकलं, पुढच्या पिढीला ऐकवू नका.

कोर्सचं सांगते. पतियाळाची एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था, 1961 पासून कोच घडवते आहे. तिथे एक वर्षाचा डिप्लोमा आहे आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही. अटी त्या वर्षाच्या माहितीपत्रकात वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, ते दोन वर्षांचं. घरची गरज असेल तर बीपीएड आधी करा. पगार सुरू झाला की मैदानावर डोकं शांत राहतं. या वाटेने देशपातळीपर्यंत गेलेला माणूस हवा असेल तर जी. ई. श्रीधरन बघा. 1982 मध्ये खेळाडू म्हणून अर्जुन पुरस्कार, 2007 मध्ये प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य.

पहिल्या मॅचला बेंचवर बसाल तेव्हा हात शिवशिवतील. टाइमआउटमध्ये एकच गोष्ट सांगा, तीही पुढच्या बॉलची. ‘त्यांची चार नंबरची लाइनमध्ये मारतेय, ब्लॉक बाहेर सरकवा,’ एवढं पुरे. आणि सेटच्या आधी लाइनअपची चिठ्ठी (सुरुवातीच्या सहा जणी कुठे उभ्या राहणार ते लिहिलेली) सही करण्यापूर्वी कॅप्टनला जर्सीचे नंबर मोठ्याने वाचायला लावा. चिठ्ठी एकदा दिली की चूक सुधारायला सहापैकी एक बदली खर्च करावी लागते.