समोरचा स्टॅन्ली कप कोणता, ते कसं ओळखाल

मुंबईहून टोरांटोला गेलात तर हॉकी हॉल ऑफ फेम हे आइस हॉकीचं संग्रहालय युनियन स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या आइस हॉकी लीगच्या विजेत्यांना मिळणारा करंडक, असतो जुन्या बँकेच्या इमारतीतल्या, रंगीत काचेच्या घुमटाखालच्या दालनात. विजेत्यांकडे मूळ कप गेला की तिथे १९९३ साली बनवलेली प्रतिकृती ठेवतात, आणि लांबून फरक कळत नाही.

खूण खालच्या पाच रुंद पट्ट्यांवर आहे, जिथे विजेत्या संघांतल्या लोकांची नावं कोरलेली असतात. सध्या वरून दुसऱ्या पट्टीवर १९८४ चा विजेता संघ एडमंटन ऑयलर्स शोधा. संघमालकाने त्या नावांत स्वतःच्या वडिलांचं नाव घुसवलं होतं. लीगने ते ओळीने फुल्या ठोकून खोडायला लावलं. फुल्या दिसल्या तर मूळ कप, नसतील तर प्रतिकृती. (हात लावता येतो, उचलायचा मात्र नाही. वजन साडेपंधरा किलो.)

चांदीवर फ्लॅश मारलात तर अक्षरं पांढरी पडतात. फ्लॅश बंद ठेवून जरा तिरकं उभं राहा. काचेच्या कपाटातल्या वस्तूंसाठी मोबाइल काचेला टेकवा, प्रतिबिंब जातं.

घरी व्हिडिओ कॉल दुपारी बाराच्या आत लावा. हिवाळ्यात तेव्हा दादरला रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात.